क्राइस्टचर्चला सहा तासांचा थांबा आहे, अंटार्क्टिक सेंटर बघावं का, की ते पोराटोरांचंच आहे?

बघा. सिंगापूरहून उतरून पुढचं क्वीन्सटाउनचं विमान सहा तासांनी असेल, तर शहरात जायच्या भानगडीत पडू नका. इमिग्रेशन, सामान, तपासणी यांतच वेळ जातो, आणि हे सेंटर, म्हणजे अंटार्क्टिकाचा अनुभव देणारं प्रदर्शन, टर्मिनलपासून चालत दहाएक मिनिटांवर आहे.

‘पोराटोरांचं’ वाचलं आणि आमच्या साडूभाऊंचा आवाजच कानात आला. त्यांचं म्हणणं, फ्रीजमध्ये उभं करून पैसे उकळतात. ही जागा आतून न बघितलेला माणूस गेली कित्येक वर्षं प्रत्येक लग्नाकार्यात हे ऐकवतोय.

आम्ही सगळे त्यांच्या मुलीकडे डनेडिनला निघालो होतो. बरोबर सासरे. सासरे फौजेत ईएमईमध्ये (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात) मेकॅनिक होते आणि अंटार्क्टिकातल्या भारताच्या ‘मैत्री’ तळावर एक हिवाळा काढून आलेत. गोव्याहून बोटीने गेले होते. घरात त्याचं कौतुक म्हणजे शोकेसमधला एक फोटो, बस. साडूभाऊ बॅगांपाशी बसून राहिले, आम्ही दोघं गेलो.

तिथे एका खोलीत उणे आठ तापमान ठेवतात. जाकीट, बुटांवर घालायची खोळ सगळं तेच देतात. ठरावीक वेळाने दिवे मंद करून वारं सोडतात, मग तेच उणे आठ अंगाला उणे अठरासारखं लागतं. वारं सुटायच्या आधी सासऱ्यांनी आजूबाजूच्या अनोळखी लोकांच्या झिपा तपासायला सुरुवात केली. एका चिनी बाईंची टोपी स्वतःच्या हाताने कानावर ओढली. ‘बॅक टू विंड, बॅक टू विंड’ म्हणून सगळ्यांना वळवलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘‘जावईबापू, हा आमचा उन्हाळा.’’ आणि मग जनरेटरच्या शेडपर्यंत बांधलेल्या दोराची गोष्ट सांगितली. वादळात तो हातातून सुटला तर चार पावलांवरचं दार सापडत नाही म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

नंतर हॅग्लुंडची फेरी. ही स्वीडनची गाडी, दोन डबे एकमेकांना जोडलेले, खाली रबरी पट्टे. उभ्या चढावर चढते, पाण्यात तरंगते. लोक किंचाळत होते आणि सासरे खाली वाकून पट्ट्याचा ताण बघत होते. मैत्रीवर पिस्टनबुली नावाच्या अशाच पट्ट्यांच्या बर्फगाड्या होत्या. त्यांचा पट्टा उणे तीसमध्ये बदलायचा म्हणजे काय, ते त्यांनी मोडक्या इंग्रजीत त्या ड्रायव्हर पोराला समजावलं. पोरगं पुढच्या फेरीची वेळ विसरलं.

आता ‘खोटं अंटार्क्टिका’ म्हणणाऱ्यांसाठी. ते सेंटर तिथे उगाच उभं नाही. अमेरिका, न्यूझीलंड आणि इटली यांच्या मोहिमा याच शहरातून निघतात. उन्हाळी मोसमात म्हणजे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, अमेरिकन सी-१७ विमान याच धावपट्टीवरून पाचेक तासांत अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो या अमेरिकन तळावर पोचतं. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटचं टेरा नोव्हा जहाजही १९१० मध्ये शेजारच्या लिटलटन बंदरातूनच दक्षिणेकडे गेलं. साडूभाऊ, विमानतळाच्या पार्किंगमधलं दुकान नाही ते!

पेंग्विनची हौस असेल तर आधीच सांगतो, तिथले कोरोरा अंटार्क्टिकाचे नाहीत. जगातले सगळ्यात छोटे, किलोभर वजनाचे, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचे. त्यातले बरेचसे जखमी होऊन सांभाळायला आणलेले असतात, त्यामुळे एखादा पंखाने अधू, एखादा आंधळा. मला तेच आवडलं. (राणीच्या बागेतले हम्बोल्टसुद्धा पेरू-चिलीचे आहेत, पण तिथे कोणी तक्रार करत नाही.) हस्की कुत्र्यांपाशी वेळ घालवू नका. १९९४ पासून अंटार्क्टिकात कुत्र्यांना बंदीच आहे.

राहिलं म्हणजे, तिकीट स्वस्त नाही. कंबर-मणक्याचा त्रास असेल किंवा कोणी गरोदर असेल तर हॅग्लुंडमध्ये बसू नये. पेंग्विनना खायला घालायची वेळ आधी वेबसाइटवर बघा. पुढच्या विमानासाठी बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन कराव्या लागतात, ते उरकता आलं तर हात मोकळे ठेवून जा. तीनच तास हातात असतील तर मात्र नका जाऊ, घाईत मजा नाही.

आणि उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करा, अगदी फोडणीच्या सामानापर्यंत. न सांगता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. आमच्यातल्या एकाने लेकीसाठी बॅगेत ताजा कढीपत्ता लपवून आणला होता, त्यांनी तो भरला. फ्रीजचं तिकीट बरंच स्वस्त पडलं असतं.