मैदानावरून : फी भरायच्या आधी एसटीचा हिशेब करा

प्रश्न : सर, नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. दारव्ह्याच्या शाळेत एसटीच्या पासवर जाते. पोट्ट्यांसोबत फुटबॉल खेळते आणि तिचे सर म्हणतात, पाय चांगला आहे. आता यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, आर्णीकडच्या क्लबांनी मिळून एक आघाडी केली आहे. मे महिन्यात ट्रायल आहे, त्याचे ३०० रुपये. निवड झाली तर वर्षाचे ९,०००. त्यातले ४,००० जूनच्या पहिल्या आठवड्यात भरायचे, किट वेगळी. सराव यवतमाळला, आठवड्यातून तीन दिवस. जाऊन-येऊन आम्हा मायलेकींचे दीडशे रुपये लागतात. आमची पाच एकर कोरडवाहू आहे. घरचे म्हणतात, बियाणं आणू की पोरीची फी भरू? पाठवू का तिला?
– एक आई, ता. दारव्हा

उत्तर : ताई, ट्रायलला नक्की पाठवा. पण ४,००० लगेच भरू नका, आधी हिशेब मांडा.

तुमच्या पत्रात सगळा जीव ९,००० या आकड्यात अडकला आहे. खरा खर्च तो नाही. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असूनही एका दिवसाचे दीडशे. तीन दिवसांचे साडेचारशे, महिन्याचे १,८००, दहा महिन्यांचे १८,०००. म्हणजे फीच्या दुप्पट पैसा रस्त्यावर जाणार. शिवाय निंदणाच्या दिवसांत तुमची अर्ध्या-अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल, ती वेगळीच. तिचा पास घर ते शाळा एवढाच चालतो, यवतमाळच्या गाडीत नाही. फी भरून झाल्यावर पोरं दिवाळीनंतर यायची बंद होतात, ती बहुतेक याच कारणाने. मी इतकी वर्षं क्रीडा शिक्षक होतो, फीपायी सुटलेल्या मुलांपेक्षा गाडीपायी सुटलेली मुलं मी जास्त पाहिली आहेत.

म्हणून आघाडीच्या लोकांना पहिला प्रश्न हा विचारा : आठवड्यातले दोन दिवस दारव्ह्यातच सराव घेता का? आघाडीत दारव्ह्याचा क्लब आहे, मग तिथे मैदान आहे, कोणी ना कोणी कोच आहे. मोठ्या माणसांच्या सामन्याला १०५ बाय ६८ मीटरचं मैदान लागतं, बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या सरावाला नाही. शाळेमागची तीस बाय वीस मीटर जागा आणि आठ मुली पुरेत. चार विरुद्ध चार खेळल्या की प्रत्येकीचा पाय बॉलला सतत लागतो. अकरा-अकराच्या खेळात याच वयाच्या मुली अर्धा वेळ नुसत्या उभ्या असतात. शाळा सुटल्यावर दारव्ह्यात दोन दिवस आणि रविवारी यवतमाळ, असं ठरलं तर प्रवास महिन्याला ६०० वर येतो, दहा महिन्यांचे ६,०००. वाचलेले १२,००० हे पूर्ण फीहून जास्त आहेत. फक्त शाळेनंतरच्या सरावाची वेळ गावच्या शेवटच्या गाडीशी जुळवून घ्यायला सांगा. ती गाडी हुकली तर पोरीला तिथून आणायचं कोणी, हा प्रश्न रोज उभा राहील.

दुसरी गोष्ट जूनची. जूनचा पहिला आठवडा म्हणजे बियाणं, खत, पेरणी. त्या दिवसांत कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पैसा फक्त बाहेर जातो. सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरात येतं, कापूस त्याच्याही नंतर. आघाडी चालवणारी माणसं इथलीच आहेत, त्यांना हे ठाऊक नाही असं कसं म्हणावं? तरी फीची तारीख शहरातल्या पगारदारांना धरून ठेवली आहे, आणि मला हे पटत नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या : जूनमध्ये १,०००, बाकीचे डिसेंबर ते फेब्रुवारीत तीन हप्त्यांत. एकटीने देऊ नका, शाळेतल्या आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या घ्या. होकार मिळाला तर तोही कागदावर घ्या. मुलीने मध्येच सोडलं, पाय मोडला, तर उरलेल्या पैशांचं काय, हेही त्याच कागदावर लिहून मागा. यात भीक मागण्यासारखं काही नाही. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलच्या मैदानावर आणलं, ते कोणाच्या खिशाकडे पाहून नाही. फी घेऊ नये असं मी म्हणत नाही. कोचला मानधन लागतं, बॉल फाटतात, सामन्यांना गाडी लागते. पण घेतलेल्या पैशाचं काय होतं ते सांगायची तयारी हवी. कोचकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं निदान डी लायसन्स, म्हणजे कोचचा सुरुवातीच्या पातळीचा परवाना, आहे का, आणि वर्षात सामने किती मिळणार, हे दोन प्रश्न विचारले की पुष्कळ कळतं.

मुलगी आहे म्हणून आणखी एक. मैदानाजवळ कपडे बदलायला बंद खोली आणि संडास आहे का, बाहेरगावी सामन्याला जाताना सोबत बाई असते का, हे स्वतः जाऊन पाहा. फोनवर सगळेच हो म्हणतात.

आता ट्रायलचं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. दुपारी चारची वेळ दिली असेल तर सकाळी सहाची मागा. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. आदल्या रात्री नीट जेवण, सकाळी हलकं काही, सोबत मीठ-साखरेचं पाणी. नवे बूट ट्रायलच्या दिवशी घालू देऊ नका, फोड येतात. काळ्या मातीला तेव्हा भेगा पडलेल्या असतात, घोटा मुरगळतो, म्हणून रोजचे पायाला बसलेले कॅनव्हासचे बूट बरे. निवडणारा माणूस जाणता असेल तर ती गोल किती करते यापेक्षा बॉल येण्याआधी मान वर करून बघते का, बॉल गेल्यावर परत धावते का, हे पाहील. तिला एवढंच सांगा.

आणि आघाडीत गेली म्हणून शाळेचा संघ सोडू नका. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. तालुका, जिल्हा, मग विभाग, मग राज्य. १९६० पासून चालू असलेल्या सुब्रोतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींचा गट आहे आणि तिथे शाळा म्हणूनच उतरावं लागतं. त्या वाटेने जायला आघाडीची फी लागत नाही. आठवीत गेल्यावर मुख्याध्यापकांकडे मुलींच्या संघाचा आग्रह धरा, तुमची पोरगी असताना तो होण्याजोगा आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या मंडळाचा फुटबॉल संघ आहे. आघाडीने ट्रायल घेऊन आमचे तीन चांगले पोट्टे उचलले. आता इथे अकरा जमत नाहीत. आम्हीच आघाडीत सामील व्हावं का?
– मंडळाचा कोच, ता. आर्णी

उत्तर : भाऊ, व्हा, पण विलीन होऊ नका. आघाडीचा फायदा खरा आहे. एकेका गावात १३ वर्षांखालचा पूर्ण संघ होत नाही, चार गावं मिळून होतो, आणि वर्षभर त्याच त्या पोरांशी खेळण्याऐवजी बाहेरच्यांशी सामने मिळतात. पण गावचं मैदान ओस पडलं तर पाच वर्षांनी आघाडीला पोरं कुठून मिळणार? नागपूरजवळच्या कामठीत पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल टिकला, कारण लहान पोरगा घरापासून चालत जाऊन खेळू शकत होता.

तेव्हा अट घाला की निवडलेले तिघे आठवड्यातून निदान एक दिवस तुमच्याच मैदानावर खेळतील. दुसरं, नोंदणीचा फॉर्म वाचा. ज्या क्लबाच्या नावाने मुलाची नोंद होते, अधिकृत स्पर्धेत त्या हंगामात तो त्याच क्लबाकडून उतरतो. फॉर्मवर आघाडीचं नाव आहे की तुमच्या मंडळाचं, हे सही करण्याआधी ठरवा. जगात याला पैशाचीही किंमत आहे. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमाने खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वर्षं वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. आपल्या गावातून उद्या कोणी तिथवर जाईल म्हणून नव्हे, पण पोरगा कोणी घडवला याची नोंद राहिली पाहिजे. त्या वयात तो तुमच्याकडे होता, हे खरं आहे आणि ते कागदावर असावं. तिसरं, तुम्हाला वर्षातून एकदा तरी आघाडीच्या खर्चाने कोचिंगच्या कोर्सला पाठवावं. हे मागायला संकोच करू नका, त्यांनी तुमचे तीन पोट्टे नेले आहेत.

प्रश्न : मुलगा २० डिसेंबरचा आहे. ट्रायलमध्ये बाद झाला. एकाने सांगितलं, दाखल्यावरची तारीख बदलून घ्या, वर्षाने लहान गटात बसेल. करावं का?
– एक वडील, ता. दिग्रस

उत्तर : नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. वरच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडांवरून वय तपासतात, तिथे पकडला गेला तर शिक्षा त्या पोराला होते, सल्ला देणाऱ्याला नाही. आणि त्याला तुम्ही बाराव्या वर्षीच शिकवाल की बाप खोटं लिहून आणतो.

तुमची तक्रार मात्र खरी आहे. फुटबॉलमध्ये वयोगट १ जानेवारीपासून धरतात. त्यामुळे त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेला मुलगा तुमच्या मुलापेक्षा जवळपास वर्षभराने मोठा असूनही दोघं एकाच रांगेत उभे असतात. या वयात वर्षभराने उंची, छाती, धाव सगळं बदलतं, आणि निवडणाऱ्याचे डोळे अंगापिंडाने भरलेल्या मुलाकडे आधी जातात. हे अनेक देशांत दिसून आलं आहे. आघाडीला लेखी विचारा की ट्रायलच्या यादीत जन्ममहिना लिहितात का आणि तो निवडणाऱ्याच्या हातात असतो का. नसेल तर पुढच्या ट्रायलपासून ठेवा म्हणावं, त्याला एक पैसा लागत नाही. बाद झालेल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा पाहणार का, हेही विचारा. तोवर त्याला शाळेच्या १४ वर्षांखालच्या संघात खेळू द्या. बारका आहे म्हणून गोलकीपर करून टाकतात, ते होऊ देऊ नका. त्याला बॉल पायात मिळाला पाहिजे.