शिकागोतला पहिला हिवाळा: आधी खिडक्या बघा

भाड्याच्या घरात खिडक्यांतून गारवा येतो, घर उबदार कसं ठेवायचं, असं तुम्ही खिडक्यांचं वर्णन करून विचारलंय. थर्मोस्टॅट वाढवण्याआधी खिडक्या तपासा. वारा सुटलेल्या दिवशी पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा (पडदे बाजूला करून, अर्थात). धूर जिथे आडवा पळतो, तिथून हवा ये-जा करतेय.

तुमच्या वर्णनावरून खिडक्या जुन्या, वर-खाली सरकणाऱ्या दिसतायत. त्यांची कडी नुसती चोरांसाठी नसते. ती लावली की दोन्ही तावदानं एकमेकांवर घट्ट बसतात. वरचं तावदान बऱ्याचदा बोटभर खाली घसरलेलं असतं आणि पडद्यामागे कुणाच्या लक्षातच येत नाही. ते वर ढकला, मग कडी लावा. फुकटातलं काम आहे.

उरलेल्या फटींत दोरीसारखं मिळणारं मऊ कॉक (caulk, फटी बुजवायचा चिकट पदार्थ) अंगठ्याने दाबून भरा. वसंतात ते सोलून काढता येतं, म्हणजे घरमालकाची कटकट नाही. त्यावर प्लास्टिकची फिल्म: चौकट पुसून कोरडी करा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा, फिल्म बसवा आणि हेअर ड्रायरने ताणून घ्या. खरं काम करते ती मध्ये अडकलेली हवा, त्यामुळे फिल्म काचेला टेकू देऊ नका. आग लागली तर बाहेर पडायची खिडकी मात्र मोकळीच ठेवा.

दक्षिणेकडचे पडदे दिवसा उघडे, अंधारताच बंद. डिसेंबरात इथे सूर्य साडेचारच्या आत मावळतो.

आणि भाड्यात हीटिंग धरलेलं असेल, तर 15 सप्टेंबर ते 1 जून दिवसा घरात किमान 68 अंश फॅरनहाइट ठेवणं शिकागोत घरमालकावर बंधनकारक आहे. बिनधास्त मागा.