‘हवामान आधीपासूनच बदलत आलंय’ म्हणणाऱ्या सासऱ्यांना काय उत्तर द्यावं?

तुमचे सासरे तीन गोष्टी म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. हवामान आधीपासूनच बदलत आलंय, हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूनं काय फरक पडणार, आणि शास्त्रज्ञांचंच कुठे एकमत आहे? भांडण न होता त्यांना कसं समजवावं, हा तुमचा प्रश्न.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. हेच प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं. पूर्वी मी लगेच आलेख काढून बसायचो. त्यानं कुणाचं मत बदललेलं मला आठवत नाही, कारण समोरच्याला वाटायचं की आपल्याला अडाणी ठरवलं जातंय. पुढे या विषयाचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की या शंका अडाणी नाहीतच. त्या आधी शास्त्रज्ञांनाच आल्या होत्या आणि त्यांनी त्या तपासून पाहिल्या. म्हणून ‘तुम्ही चुकताय’ असं म्हणू नका. ही शंका कुणाला आली होती आणि पुढे तिचं काय झालं, ते सांगा.

यातली सगळ्यात कसदार शंका ०.०४ टक्क्यांची. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा, आणि जमिनीतून वर जाणारी उष्णता हे दोन्ही वायू जवळपास अडवतच नाहीत. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोग करून हे दाखवलं. उष्णता अडवण्याचं काम उरलेल्या थोड्याशा वायूंकडे, मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याकडे आहे. त्यामुळे ०.०४ हा आकडा ९९ शी ताडून पाहण्यात अर्थच नाही. १८९६ मध्ये स्वांते अरेनियस यांनी कागदावर हिशेब मांडला, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आज तो अंदाज जास्तीचा ठरतो, पण दिशा बरोबर होती.

आणि मग खरा आक्षेप आला. १९०० मध्ये क्नुट आंगस्ट्रॉम यांनी नळीत हा वायू भरून पाहिलं, तर त्याचं प्रमाण कमी केल्यावरही शोषल्या जाणाऱ्या उष्णतेत फारसा फरक पडेना. म्हणजे आहे तेवढ्या वायूनंच अडवायची ती उष्णता अडवली आहे, आणखी घालून काय होणार? कित्येक दशकं बहुतेकांना हे पटलेलं होतं. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या अभियंत्यानं जगभरच्या नोंदी गोळा करून तापमान वाढत असल्याचं दाखवलं, तरी तज्ज्ञांनी त्यांचं म्हणणं फारसं मनावर घेतलं नाही.

गोम अशी, की हवा म्हणजे एक नळी नव्हे. एकावर एक थर आहेत. खालचा थर उष्णता शोषतो आणि पुन्हा बाहेर टाकतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. अवकाशात उष्णता निसटते ती उंचावरच्या विरळ हवेतून. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही निसटण्याची जागा आणखी वर सरकते. तिथली हवा जास्त थंड, आणि थंड हवा उष्णता कमी बाहेर टाकते. सूर्याकडून येणारी तेवढीच, बाहेर जाणारी कमी, म्हणून खाली तापतं. संगणक हाताशी आल्यावर १९५० च्या दशकात गिल्बर्ट प्लास यांनी हा हिशेब नीट मांडला आणि आंगस्ट्रॉम यांचा आक्षेप मागे पडला.

‘हवामान आधीपासूनच बदलत आलंय’ हे तर सरळ मान्यच करा. ते खरं आहे. पण दर वेळी त्याला काहीतरी कारण होतं. हिमयुगांच्या मागे पृथ्वीच्या कक्षेतले सावकाश होणारे बदल होते, आणि शेवटच्या हिमयुगातून बाहेर यायला सुमारे दहा हजार वर्षं लागली. सूर्याचं तेज १९७८ पासून उपग्रह मोजत आहेत, ते वाढत गेलेलं नाही. ज्वालामुखींतून वर्षाला निघणारा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या तुलनेत एक टक्काही नाही. हवेतला वाढीव कार्बन कोळसा-तेलाचाच आहे, हेही ओळखता येतं. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार काळाबरोबर नष्ट होत जातो, म्हणून कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या कार्बनमध्ये तो उरलेला नसतो, आणि तसा कार्बन हवेत मिसळतो आहे हे हान्स स्यूस यांनी १९५० च्या दशकातच दाखवलं होतं.

एकमताचं म्हणाल, तर आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरचं संशोधन तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालांची भाषा पाहा. १९९० मध्ये त्यांनी लिहिलं, की माणसाचा परिणाम निःसंशय दिसायला अजून दहा वर्षं किंवा जास्त लागतील. १९९५ मध्ये तो जाणवतो म्हणाले. २०२१ मध्ये, यात संशयाला जागा नाही असं लिहिलं. इतकं जपून पावलं टाकणाऱ्यांवर घाईचा आरोप होतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ‘अनिश्चितता’ या शब्दानंही फार घोटाळा केलाय. वायू दुप्पट झाल्यावर तापमान बहुधा अडीच ते चार अंशांनी वाढेल, या अंतराला शास्त्रज्ञ अनिश्चितता म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना काहीच माहीत नाही. पण त्या पट्ट्यात शून्य कुठेच नाही.

आपल्या बाजूनंही जपून बोला. ‘ओझोनला भोक पडलं म्हणून गरम होतंय’ असं तापमानवाढ मानणारेच कितीतरी जण सांगतात. तो वेगळा विषय आहे. प्रत्येक वादळ आणि प्रत्येक उकाडा हवामान बदलाच्या खात्यावर टाकला, तर सासऱ्यांनी तुमचं का ऐकावं? आणि कुणी किती उत्सर्जन कमी करायचं, खर्च कुणी उचलायचा, अणुऊर्जा हवी की नको, यावर ते वेगळं बोलले तर तो मतभेद रास्त समजा. तिथे विज्ञानाचं नाव पुढे करून त्यांना गप्प करू नका.

पुढच्या वेळी विषय निघाला, की त्यांना एक कोडं घाला. सूर्यामुळे पृथ्वी तापत असेल, तर हवेचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, तापायला हवा की थंड व्हायला हवा? आणि कार्बन डायऑक्साइडमुळे खाली तापत असेल तर? त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ द्या. सूर्यामुळे असतं, तर वरचा थरही तापला असता. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणितानं सांगितलं होतं, की वायू वाढला तर खाली तापेल आणि स्थितांबर थंड होईल. पुढे उपग्रहांच्या मोजमापांत नेमकं तेच दिसलं. मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण हे सासऱ्यांनी उत्तर दिल्यानंतर सांगा.