दहावा माणूस, तीन बादल्या आणि मलिद्याचे पोहे

वाचक विचारतात

प्रश्न (म्हापसा): आम्ही मूळचे पेणकडचे बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. इथे ओळखीची ज्यू घरं चारच. वडील वारले, कद्दीश (मृतासाठी म्हणायची प्रार्थना) म्हणायला दहा पुरुष जमत नाहीत. फोनवर जोडलेले चालतात का?

उत्तर: पारंपरिक नियमाने नाही. मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेच्या किमान संख्येसाठी, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष एका जागी हवेत. फोनवरच्याला 'आमेन' म्हणता येतं, पण तो मोजला जात नाही.

नेहमीची चूक अशी की घरचे दिवसातून तीनदा माणसं जमवायला जातात. दोन दिवस लोक येतात, तिसऱ्या दिवसापासून 'येतो' म्हणणारे यायचे थांबतात. त्यापेक्षा दिवसातून एकदाच, सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी बोलवा. मिन्हा (दुपारनंतरची प्रार्थना) म्हणा, अंधार पडेपर्यंत थांबा, मग आरवित (रात्रीची). एकाच बसण्यात दोन्ही प्रार्थनांचा कद्दीश होतो. 'संध्याकाळी या' असं मोघम सांगू नका. गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, जुलैत सातनंतर. घड्याळातली वेळ सांगा.

नोव्हेंबर ते मार्च हणजूण-वागातोर भागात इस्रायली पर्यटक असतात, हंगामात खबाद या ज्यू धार्मिक संस्थेचं घरही चालतं. त्यांच्यातले बरेच धर्म फारसा न पाळणारे असतात. तरी 'वडिलांचा कद्दीश आहे, पाऊण तास हवा' असं सरळ सांगितलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. त्यांच्याकडे टोपी नसते, म्हणून दहा जादा किप्पा घरात ठेवा. पावसाळ्यात हे गिऱ्हाईक गायब! तेव्हा मुंबई-ठाण्याच्या नातेवाइकांना सातवा दिवस, तिसावा दिवस आणि वर्षाचा दिवस एवढ्या तिनांसाठीच बोलवा.

माणसं 'एक, दोन' अशी मोजत नाहीत. अठ्ठाविसाव्या स्तोत्राचं नववं वचन हिब्रूत बरोबर दहा शब्दांचं आहे. एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा: होशिआ, एत, अम्मेखा... शेवटचा 'हाओलाम' कुणाच्या वाट्याला आला नाही, तर कद्दीश राहिला. मग स्तोत्रं म्हणा, दिवा लावा आणि उठा. नऊ जणांत कद्दीश उरकून घेऊ नका.

वर्षाचा दिवस हिब्रू पंचांगाने धरा. अंधार पडल्यावर मृत्यू झाला असेल तर हिब्रू तारीख पुढची लागते. इंग्रजी तारखेवरून काढणारे इथेच एक दिवस चुकतात. मृत्यूची वेळ कुठेतरी लिहून ठेवा. आई-वडिलांसाठी कद्दीश अकरा महिने म्हणतात, सुतक मात्र बारा महिन्यांचं.

प्रश्न (वास्को): घरात कुणी गेलं आणि दफन मुंबईला किंवा अलिबागला करायचं ठरलं, तर पहिल्या काही तासांत काय करावं?

उत्तर: सगळ्यात आधी तिथल्या दफनभूमीच्या समितीला फोन. जागा आणि वेळ पक्की झाल्याशिवाय गाडी हलवू नका. दुसरं, मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरचा दाखला. मूळ प्रत गाडीत, दोन झेरॉक्स वेगळ्या माणसाकडे. पंचायतीत किंवा पालिकेत नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. ते घरी राहिलेल्या कुणावर तरी सोपवा.

विमानाचा विचार शक्यतो करू नका. मालवाहतुकीला एम्बामिंगचा (देह टिकवायला रसायनं भरल्याचा) दाखला मागतात आणि धर्मनियमाला एम्बामिंग मान्य नाही. शीतपेटीची गाडी रस्त्याने न्या, बारा-चौदा तास धरा, पावसात घाटासाठी आणखी वेळ. शुक्रवारी दुपारी निघालात तर वाटेतच शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणारा विश्रांतीचा दिवस) लागेल. शब्बाथात प्रवासही नाही आणि दफनही नाही. अशा वेळी शनिवारी अंधार पडेपर्यंत शीतगृहात ठेवणं हाच मार्ग.

तहारा, म्हणजे देहाला आंघोळ, पुरुषाला पुरुषांनी, बाईला बायकांनी घालायची. आधी देह स्वच्छ धुवायचा, मग सुमारे 24 लिटर पाणी सलग धारेने ओतायचं. आठ-आठ लिटरच्या तीन बादल्या भरून ठेवा. पहिलीची धार तुटायच्या आत दुसरी सुरू झाली पाहिजे, दुसरीच्या आत तिसरी. नवख्या माणसांची गफलत इथेच होते: बादली रिकामी होते आणि पुढची उचलायला कुणी तयार नसतं. तीन बादल्यांना तीन माणसं नेमा. कफन पांढऱ्या मांजरपाटाचं, खिसा नाही, टाक्याला गाठ नाही. घाईत शिंपी सापडत नाही, म्हणून एक शिवलेला जोड कपाटात असू द्या. अशुभ वगैरे काही नाही.

प्रश्न (फोंडा): आमच्या शेजारच्या ज्यू घरात मृत्यू झाला. आम्ही हिंदू. काय न्यावं?

उत्तर: दफनानंतरचं पहिलं जेवण शोकातल्या माणसांनी स्वतःच्या घरचं खायचं नसतं, ते बाहेरून यावं लागतं. म्हणजे शेजाऱ्याची खरंच गरज असते. न फोडलेली कच्ची अंडी, मसूर, न कापलेली फळं न्या. शिजवायचं काम त्यांच्या भांड्यांत, शोकात नसलेल्या त्यांच्यातल्याच कुणीतरी करावं. गोव्यातला शेजारी प्रेमाने सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण घेऊन जातो, पण सुंगटं, तिसऱ्या, कुर्ल्या, मोरी मासा त्यांना चालत नाहीत. खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. बेल वाजवू नका, दार बहुधा उघडंच असतं. ते आधी बोलतील, मग तुम्ही बोला.

प्रश्न (पणजी): गोव्यात जुनं सिनेगॉग का नाही?

उत्तर: इथे 1560 ते 1812 (मधली थोडी वर्षं सोडून) इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय होतं. ज्यू वंशाचे वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 साली वारले, 1580 मध्ये त्यांची हाडं उकरून जाळली. पणजीतल्या पालिका उद्यानाला आज त्यांचंच नाव आहे. बेने इस्राएलींची जुनी सिनेगॉगं अलिबाग, पनवेल, मुंबईकडे.

प्रश्न (मडगाव): नव्या घराच्या मलिद्याला (गोड पोहे आणि फळांचं ताट मांडून करायच्या आमच्या विधीला) पंचवीस माणसं आहेत. मागच्या वेळी पोह्यांचा लगदा झाला.

उत्तर: साखर फार लवकर घातली असणार. साखर खोबऱ्यातलं आणि पोह्यांतलं पाणी ओढून घेते आणि तासाभरात ताटाला पाणी सुटतं. पंचवीस जणांना एक किलो जाडे पोहे, दोन नारळांचा चव, अर्धा किलो साखर, दहा-बारा वेलच्या, बदाम-पिस्ते मिळून दोनशे ग्रॅम, मूठभर बेदाणे.

पोहे पातेल्यात भिजत टाकू नका. चाळणीत घेऊन दोनदा पाणी फिरवा, निथळा, पंधरा मिनिटं झाका. बोटांत दाबल्यावर दाणा चेपला पण फुटला नाही की झालं. गावठी लाल पोह्यांना पाचेक मिनिटं जास्त लागतात. नारळ त्याच दिवशी सकाळी खवा, इथल्या दमट हवेत आदल्या रात्रीचा चव आंबतो. साखर पाहुणे टेकल्यावर, एलियाहू हन्नाबीचं (संदेष्टा एलियाचं) गाणं सुरू व्हायच्या आधी.

भोवती पाच फळं. झाडाच्या आणि जमिनीच्या फळाची बराखा (खाण्याआधीची प्रार्थना) वेगळी, म्हणून दोन्ही हवीत. केळं जमिनीच्या फळांत मोडतं, कारण केळीचं खोड झाड धरत नाहीत. खजूर, द्राक्ष किंवा डाळिंब असेल तर झाडाच्या फळांत बराखा त्याच्यावर आधी, सफरचंदावर नंतर. सुवासासाठी गुलाब आणि सबजाची डहाळी. पावसाळ्यात सबजाची कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका, मुळं कुजतात आणि ऐन दिवशी हुंगायला नुसती काडी उरते.