वीज गेली की सोलरही बंद?

प्रश्न : 'पीएम सूर्यघर' योजनेतून छतावर ३ किलोवॅटचे सोलर बसवले. भर दुपारी लाईट गेली की लख्ख ऊन असूनही घरात पंखासुद्धा फिरत नाही. इन्व्हर्टर बिघडला आहे का?

उत्तर : नाही, तो नेमके काम करतो आहे. तुमचा इन्व्हर्टर ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडून चालणारा आहे. लाईनचे व्होल्टेज आणि ५० हर्ट्‌झची फ्रीक्वेन्सी पाहूनच तो वीज देतो. लाईन मेली की तोही क्षणात थांबतो. तसे झाले नाही, तर तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. आपोआप थांबण्याची ही सोय कुणाकडूनही बंद करून घेऊ नका!

दिवे-पंखे चालूच हवे असतील, तर हायब्रिड (लाईन नसताना बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर, बॅटरी आणि बॅकअपची वेगळी डीबी (वायरिंग वाटून देणारी पेटी) लागेल. हिशेब सोपा आहे : ७५ वॅटचे ४ पंखे आणि ९ वॅटचे १० दिवे, म्हणजे साधारण ४०० वॅट. चार तासांना १.६ युनिट, त्यासाठी अडीच युनिटची लिथियम बॅटरी पुरते. गिझर आणि पाण्याची मोटर या डीबीवर घेऊ नका, बॅटरी बघता बघता उतरेल. योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर ठरते. बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

आणखी एक. लाईट असतानाही दुपारी इन्व्हर्टर बंद पडत असेल, तर डिस्प्लेवर व्होल्टेज बघा. ते २५३ व्होल्टच्या वर दिसले, तर जादा व्होल्टेजमुळे इन्व्हर्टर थांबत असेल. बारीक केबलमुळेही व्होल्टेज चढते, म्हणून इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक आहे का, ते आधी तपासून घ्या.