वाचकांचे प्रश्न : बंद पडलेली सनटोरी ओपन

भारतीय गोल्फपटू ज्योती रंधावा यांनी जपानमध्ये जिंकलेली सनटोरी ओपन आता वेळापत्रकात दिसत नाही. नाव शोधलं की महिलांची स्पर्धा समोर येते. ती हीच का? (पुण्याहून एक वाचक)

नाही. सनटोरी या जपानी पेय कंपनीची पुरुषांसाठीची सनटोरी ओपन १९७३ साली सुरू झाली आणि २००७ नंतर बंद पडली. जपानच्या पुरुष व्यावसायिक टूरचंही (वर्षभराच्या स्पर्धांच्या मालिकेचंही) १९७३ हेच पहिलं वर्ष, म्हणजे टूर आणि ही स्पर्धा एका वयाच्या. महिलांची सनटोरी लेडीज ओपन वेगळी आहे. ती अजून चालू आहे, कोबेच्या रोक्को कोकुसाई क्लबवर होते, आणि तिच्या नावाला आता जपानच्या माजी गोल्फपटू आई मियाझातो यांचं नाव जोडलेलं आहे.

आणखी एका ठिकाणी हमखास घोटाळा होतो. १९७९ ते १९९० या काळात इंग्लंडमधल्या वेंटवर्थला होणाऱ्या वर्ल्ड मॅच प्ले (दोन-दोन खेळाडूंच्या थेट सामन्यांच्या) स्पर्धेची प्रायोजकही सनटोरीच होती. अमेरिकेचे बिल रॉजर्स १९७९ मध्ये ती जिंकले, अंतिम सामन्यात इसाओ आओकी यांना हरवून. पुढे १९८० आणि १९८१ मध्ये त्यांनी जपानची सनटोरी ओपनही जिंकली. एकच खेळाडू, एकच प्रायोजक. त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये ही विजेतेपदं एकमेकांत मिसळतात. निकाल कसा लिहिलाय ते पाहा. ‘वन अप’ किंवा ‘थ्री अँड टू’ असेल, म्हणजे विजेता किती होलने (मैदानाच्या टप्प्यांनी) पुढे होता ते दिलं असेल, तर ती वेंटवर्थची मॅच प्ले. चार फेऱ्यांच्या फटक्यांची बेरीज असेल तर जपानची ओपन.

रंधावा यांचा विजय २००३ चा. जपान टूरवर जिंकणारे ते पहिले भारतीय. २००६ मध्ये जीव मिल्खा सिंग यांनी कॅसिओ वर्ल्ड ओपन आणि निप्पॉन सीरीज अशा दोन स्पर्धा जिंकल्या, २००८ मध्ये आणखी दोन. २०१८ मध्ये राहिल गंगजी यांनी पॅनासॉनिक ओपन जिंकली. या सगळ्याची वाट सनटोरी ओपनने उघडली, म्हणून ही स्पर्धा भारतीय गोल्फच्या इतिहासात आवर्जून नोंदवायला हवी. विजेत्यांच्या यादीत १९८९ साली लॅरी नेल्सन आणि १९९९ साली निक प्राइस आहेत. दोघेही मेजर, म्हणजे गोल्फच्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धांपैकी, जिंकलेले. रंधावा यांनी कोणत्या रांगेत नाव लावलं, ते त्यावरून कळतं.

स्पर्धेची मैदानं कोणती? एका होलला दोन-दोन ग्रीन असतात म्हणे, ते कसं? (नाशिकहून एक वाचक)

बराच काळ नाराशिनो कंट्री क्लब आणि नंतर सोबू कंट्री क्लब. दोन्ही टोकियोजवळच्या चिबा प्रांतात. नाराशिनो अलीकडे पुन्हा गाजलं ते २०१९ च्या झोझो चॅम्पियनशिपमुळे. टायगर वूड्स यांचा अमेरिकेच्या पीजीए टूरवरचा ८२ वा विजय तिथलाच.

ग्रीन म्हणजे खड्ड्याभोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा भाग. तो दोनदा बांधण्याचं कारण हवामान. बेंट जातीचं बारीक गवत जपानच्या दमट उन्हाळ्यात कुजतं, मुळं आखूड होतात, रोग पडतो. कोराई हे तिथलं चिवट गवत उन्हाळ्यात तग धरतं, पण थंडीत वाढ थांबून पिवळं पडतं. म्हणून जुन्या क्लबांनी एका होलला दोन ग्रीन बांधले आणि ऋतूप्रमाणे वापरले. उष्ण हवेत टिकणारे बेंटचे वाण आल्यावर अनेकांनी एकच ग्रीन ठेवला. काहींनी दोन्ही ग्रीनवर बेंट लावलं. मग एकाला विसावा, दुसऱ्यावर खेळ.

म्हणूनच जपानमधल्या दोन वर्षांच्या स्कोअरची तुलना करताना ग्रीन कोणता होता ते आधी बघावं. ग्रीन बदलला की होलची लांबी बदलते आणि फटक्याचा कोनही बदलतो. कोराईवर पाती ताठ असल्याने चेंडू गवताच्या कलाप्रमाणे ओढला जातो, पटिंग (ग्रीनवर चेंडू खड्ड्याकडे घरंगळवणं) अवघड होतं.

तिथे खेळायला जाणार असाल तर गोल्फचा नियम १३.१एफ लक्षात ठेवा. चेंडू वापरात नसलेल्या ग्रीनवर थांबला, किंवा तुमचे पाय त्यावर येत असतील, तर तिथून खेळता येत नाही. दंड न लागता सुटका मिळते आणि ती घ्यावीच लागते : पूर्ण सुटकेचा सर्वांत जवळचा बिंदू शोधा, तिथून एका क्लबच्या (काठीच्या) लांबीइतक्या अंतरात, खड्ड्याच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून चेंडू सोडा. सुटका न घेता तिथूनच खेळलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (फटक्यांच्या बेरजेच्या खेळात) दोन फटके दंड. २०१९ पूर्वी नुसते पाय त्या ग्रीनवर असले तर चालायचं. जुन्या सवयीमुळे चूक होते ती इथेच.

जपानमध्ये बक्षिसाची वाटणी कशी होते? (ठाण्याहून एक वाचक)

विजेत्याला एकूण रकमेच्या २० टक्के, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ६.८, चौथ्याला ४.८. १० कोटी येनच्या स्पर्धेत विजेत्याला २ कोटी. दुसऱ्या जागेवर दोघे असतील तर १० आणि ६.८ यांची बेरीज करून निम्मी, म्हणजे ८४ लाख येन प्रत्येकी. तिघे असतील तर ७२ लाख.

इतकी जुनी स्पर्धा बंद का पडते? (पणजीहून एक वाचक)

जपानमध्ये स्पर्धा बहुधा टूरच्या मालकीची नसते. आयोजक ती कंपनी किंवा वाहिनी. टूर मान्यता देते, नियम आणि खेळाडू सांभाळते. कंपनीने हात काढला की नाव, चषक, मैदानाशी असलेला करार, सगळं तिच्याबरोबर जातं. दुसरा प्रायोजक आला तरी तो अनेकदा नवी स्पर्धा काढतो, जुनी पुढे नेत नाही. १९९० च्या सुमारास पुरुषांच्या टूरवर चाळीसच्या आसपास स्पर्धा होत्या. आर्थिक फुगा फुटल्यावर त्या घटत गेल्या आणि २००७ पर्यंत पंचवीसच्या आसपास आल्या. महिलांच्या टूरला मात्र प्रेक्षक आणि प्रायोजक मिळत राहिले. सनटोरीने पुरुषांची ओपन थांबवून महिलांची चालू ठेवली, ती याच बदलाच्या काळात.