राजकीय व्यंगचित्रकार व्हायला मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातच शिकावं लागतं का? पेपरात पगार किती मिळतो?

जे.जे.चं आधी. आर. के. लक्ष्मण यांना जे.जे.नं प्रवेश नाकारला होता. पुढे १९४७ पासून टाइम्स ऑफ इंडियात त्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. विषय संपला. हात सरावानं बसतो. रोज चार-पाच पेपर अग्रलेखासकट वाचायचा कंटाळा असेल, तर मात्र या वाटेला जाऊ नका.

पगाराआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: चित्रावर शेवटचा हात कुणाचा?

मी एका जिल्हा दैनिकात बरीच वर्षं व्यंगचित्रं काढली. एका उन्हाळ्यात टँकरवरून राजकारण पेटलं होतं. मी कोरडी विहीर काढली. तळाशी पालकमंत्री फीत कापताहेत, शेजारी फोटोग्राफर, काठावरून बायका रिकाम्या घागरी घेऊन वाकून बघताहेत. खाली ओळ नाही. विहिरीचा आतला भाग ब्रशनं काळाकुट्ट भरला आणि फीत तेवढी पांढरी सोडली, म्हणजे नजर थेट तिथं जावी.

कार्यकारी संपादक म्हणाले, "वाचकाला कळणार नाही." मी घरी गेल्यावर त्यांनी विहिरीवर 'दुष्काळ', टोपीवर 'पालकमंत्री' आणि घागरीवर, हो, घागरीवर, 'जनता' असं टाकून घेतलं. तेही बातमीच्या फाँटमध्ये. सकाळी बघतो तर काळ्या विहिरीत 'दुष्काळ'ची पांढरी पट्टी, आणि फीत कुठं आहे ते शोधावं लागतंय.

दुपारी मंत्र्यांच्या पीएचा फोन आला, साहेबांना मूळ चित्र फ्रेम करायला हवंय. संपादक खूश: "बघा, नाव लिहिलं म्हणून ओळखलं ना स्वतःला!" मी मूळ कागद पाठवला. त्यावर एक अक्षर नव्हतं. साहेबांनी तोच बंगल्यावर लावला, अर्थ विचारायला कुणाचाही फोन आला नाही. (खरंच टोचलं असतं तर फ्रेम केली नसती, असा टोमणा एक मित्र मारतो. तथ्य आहे, पण तो वेगळा वाद.)

व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी १९७५ साली, आणीबाणीत, बाथटबमधून अध्यादेशावर सही करून देणारे राष्ट्रपती काढले. टबावर 'आणीबाणी' लिहावं लागलं नाही. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन तर जन्मभर तोंड उघडत नाही. वाचक मठ्ठ आहे असं डेस्कला, म्हणजे पान लावणाऱ्या संपादकीय मंडळींना वाटतं, वाचकाला नाही.

तेव्हा कामाला लागतानाच स्पष्ट बोलून घ्या. नसेल छापायचं तर नका छापू म्हणावं, पण चित्रात हात घालायचा नाही. बाळासाहेब ठाकरे फ्री प्रेस जर्नल सोडून बाहेर पडले आणि १९६० साली त्यांनी 'मार्मिक' हे स्वतःचं व्यंगचित्र साप्ताहिक काढलं. अर्थात तेवढी धमक आणि बरोबरीला श्रीकांतजींसारखा भाऊ सगळ्यांना मिळत नाही.

पगार म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी कायम जागाच नसते, चित्रामागे मानधन मिळतं. त्यावर घर चालेल असं धरू नका. न्यूयॉर्क टाइम्सनंसुद्धा २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली रोजची राजकीय व्यंगचित्रं बंद केली. आणि २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवा.

टॅबवर काढत असाल तर डेस्कला लेयरवाली फाइल, म्हणजे जिच्यात चित्राचा एकेक भाग सुटा बदलता येतो ती, कधीही देऊ नका. सपाट जेपीजी पाठवा, तीही पान लागायच्या अगदी तोंडावर.